अहिल्याबाई होळकर : दानाला व्यवस्थेची जोड देणारी राज्यकर्ती

सन १७६७. उज्जैनजवळ क्षिप्रा नदीच्या काठी राघोबादादा पेशव्यांची मोठी फौज येऊन थांबली होती. तेथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरील इंदूर हे होळकरांचे मुख्य ठाणे होते. होळकरांच्या गादीवर त्या वेळी कोणीही पुरुष वारस उरला नव्हता. मल्हारराव होळकर आदल्याच वर्षी, २० मे १७६६ रोजी, आलमपूर येथे निवर्तले होते. त्यांचे नातू मालेराव हेही वर्षभराच्या आत गेले. मागे राहिल्या त्या मालेरावांच्या मातोश्री, विधवा अहिल्याबाई. होळकरांचे जुने दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे लहान मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत आखला होता. राघोबादादांना त्यासाठी अनुकूल करून घेण्यात आले होते. घराण्याचा साठलेला खजिना हेच या साऱ्या हालचालींचे खरे आकर्षण होते.

अहिल्याबाईंनी दत्तकाला नकार दिला. आपण एका सत्ताधाऱ्याची सून, दुसऱ्याची आई. वारस ठरवण्याचा अधिकार आपला आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी शिंदे, गायकवाड, भोसले या सरदारांकडे पत्रे रवाना केली, पुण्यास माधवराव पेशव्यांना वस्तुस्थिती कळवली आणि तुकोजी होळकरांना फौजेसह क्षिप्रेच्या रोखाने पाठवले. राघोबादादांना त्यांनी निरोप धाडला, असे परंपरेने सांगितले जाते. त्याचा आशय असा होता की, स्त्रीचा पराभव केल्याने दादांच्या कीर्तीत भर पडणार नाही. मात्र स्त्रीकडून पराभव झाला, तर तो डाग कायमचा राहील. माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंचा पक्ष उचलून धरला. राघोबादादांनी आपण मालेरावांच्या निधनाबद्दल समाचाराला आलो आहोत, असे सांगून माघार घेतली. नदी ओलांडली गेली नाही आणि उज्जैनच्या परिसरात रक्त सांडले नाही.

या प्रसंगाची आठवण बहुधा अहिल्याबाईंच्या धैर्याची कथा म्हणून सांगितली जाते. तिला आणखी एक बाजू आहे. ज्या खजिन्यासाठी फौज चालून आली होती, त्या खजिन्याचे अहिल्याबाईंनी पुढील अठ्ठावीस वर्षांत काय केले, हा प्रश्न त्यांच्या चरित्राच्या गाभ्याशी नेणारा आहे.

चौंडी ते इंदूर

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. मुलींना लिहिणे-वाचणे शिकवण्याची रीत नसलेल्या काळात अहिल्याबाईंना अक्षरओळख झाली. १७३३ मध्ये मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पाटलाच्या घरातील ही मुलगी माळव्यात नव्याने उभ्या राहत असलेल्या एका सत्तेच्या अंतःपुरात आली.

तो काळ माळव्यात मराठ्यांचे बस्तान बसण्याचा होता. १७२८ च्या अखेरीस चिमाजी अप्पांच्या फौजेने अमझेऱ्याच्या लढाईत मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. त्यानंतरच्या काही वर्षांत माळव्याची शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात वाटणी झाली. उज्जैन शिंद्यांकडे गेले, इंदूरचा परिसर होळकरांकडे आला, धार आणि देवास येथे पवार स्थिरावले. सरदार वर्षातील बराच काळ मोहिमांवर असत. मागे राहिलेल्या घरातील माणसांना वसुली, रसद, तोफखाना, सावकारांचे देणे हे सारे पाहावे लागे.

मल्हाररावांनी सुनेची कुवत लवकर ओळखली. मार्च १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून मरण पावले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांनीच त्यांना परावृत्त केले. त्यानंतर मोहिमेवरील मल्हाररावांची पत्रे सुनेच्या नावे येऊ लागली. तोफखाना कोठे न्यायचा, दारूगोळा किती तयार ठेवायचा, मुक्काम कोठे करायचा, वाटेतील ठाण्यांचा बंदोबस्त कसा करायचा, अशा सूचना त्यांत असत. राज्यकारभाराचे शिक्षण त्यांना असे प्रत्यक्ष कामातून मिळाले. सत्ता हाती आली, तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या आणि कारभाराच्या कोणत्याही शाखेला नवख्या नव्हत्या.

सत्ता हाती येताच त्यांनी सैन्याची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे सोपवली. तुकोजी त्यांच्या जवळच्या नात्यातील नव्हते आणि वयाने त्यांच्यापेक्षा थोडे थोरच होते. तरी ते त्यांना मातोश्री म्हणत. मोहिमा तुकोजींनी करायच्या आणि मुलकी कारभार अहिल्याबाईंनी पाहायचा, अशी ही विभागणी होती. पैशाच्या मागणीवरून दोघांत अनेकदा कुरबुरी झाल्या, परंतु ही व्यवस्था अखेरपर्यंत टिकली. राजधानी त्यांनी इंदूरहून नर्मदाकाठच्या महेश्वरला नेली. तेथे त्या पडदा न पाळता रोज दरबारात बसत. दुपारपासून सायंकाळपर्यंत तक्रारी ऐकणे आणि रात्री पुन्हा कागदपत्रे पाहणे, हा त्यांचा क्रम होता.

खासगी आणि दौलत

होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. राज्याचा महसूल म्हणजे दौलत. त्यातून सैन्य, किल्ले आणि कारभाराचा खर्च चाले. दुसरा भाग खासगीचा. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना काही महाल त्यांच्या स्वतःच्या खर्चासाठी दिले, तेथून होळकरांच्या खासगीची सुरुवात होते. गौतमाबाईंच्या पश्चात ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. हे उत्पन्न राणीचे होते. ते दागदागिन्यांवर गेले असते, तरी कोणी जाब विचारला नसता.

अहिल्याबाईंनी खासगीचा हिशेब दौलतीपासून कटाक्षाने वेगळा ठेवला आणि आपल्या लोकोपयोगी कामांचा भार प्रामुख्याने खासगीवर टाकला. घाट, विहिरी, बारव, धर्मशाळा, अन्नछत्रे, मंदिरे यांचा खर्च रयतेवर जादा पट्टी बसवून भागवायचा नाही, हे त्यामागील सूत्र होते. काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास उभारले. गयेचे विष्णुपद मंदिर, सोमनाथ येथील मंदिर आणि महेश्वरचे घाट ही त्यांची विशेष प्रसिद्ध कामे होत. उत्तरेस केदारनाथपासून दक्षिणेस रामेश्वर आणि गोकर्णापर्यंत त्यांच्या कामांच्या खुणा सांगितल्या जातात. गोमंतकातून गोकर्णास जाणाऱ्या यात्रेकरूंना होळकरांचे नाव तेथेही भेटते.

या कामांची यादी मोठी आहे, पण त्यांमागील रचना यादीपेक्षा अधिक विचार करायला लावणारी आहे. इमारत बांधणे सोपे, ती चालती ठेवणे कठीण. धर्मशाळेला झाडलोट लागते, अन्नछत्राला रोज धान्य लागते, विहिरीतील गाळ दरसाल काढावा लागतो. त्यासाठी अहिल्याबाई नुसती देणगी देऊन थांबत नसत. कामाला जमिनीचे किंवा गावाचे उत्पन्न अथवा वर्षासन जोडून दिले जाई आणि ते पाहण्यासाठी माणसे नेमली जात. दक्षिणेतील दूरच्या देवस्थानांना गंगाजलाच्या कावडी नियमित पोहोचत, कारण कावड वाहणाऱ्यांच्या खर्चाची सोय कायमची करून ठेवलेली होती. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यांवर पाणपोया चालत, थंडीत गरिबांना कपडे मिळत. नांगराला जुंपलेल्या बैलांना भर दुपारी पाणी पाजण्यासाठी त्यांची माणसे शेतांवर जात. शेतातून हाकलले जाणारे पक्षी उपाशी राहू नयेत म्हणून काही उभी पिके विकत घेऊन त्यांच्यासाठी मोकळी ठेवली जात. आज हे भाबडे वाटेल. पण पीक विकत घेतले जात असल्याने शेतकऱ्याचे नुकसान होत नसे, ही त्यातील व्यवहारबुद्धी लक्षात घेण्यासारखी आहे.

भिलकवडीचा करार

अहिल्याबाईंच्या व्यवहारबुद्धीची खरी परीक्षा रस्त्यांवर झाली. माळव्यातून दख्खनेकडे जाणाऱ्या वाटा विंध्य आणि सातपुड्याच्या रांगांमधून जातात. या डोंगरांत भिल्ल आणि गोंड लोकांची वस्ती होती. मैदानी प्रदेशात एकामागून एक सत्ता आल्या आणि गेल्या. डोंगरातील लोकांच्या वाट्याला जंगल आणि उपेक्षा आली. व्यापाऱ्यांचे तांडे आणि यात्रेकरू लुटणे हा त्यांपैकी काही टोळ्यांचा उपजीविकेचा मार्ग बनला होता. उज्जैनच्या महाकालाकडे किंवा ओंकारेश्वराकडे जाणारा यात्रेकरू जीव मुठीत धरून चाले.

प्रथम अहिल्याबाईंनी समजुतीचा मार्ग वापरून पाहिला. त्याचा उपयोग न झाल्यावर त्यांनी फौज पाठवली आणि काही म्होरक्यांना कठोर शिक्षाही केल्या. पण केवळ शिक्षेने पोट भरत नाही आणि वाटही कायमची सुरक्षित होत नाही, हे त्यांनी जाणले. त्यानंतर त्यांनी भिल्ल नायकांशी जो समझोता केला, तो त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय म्हणावा लागेल.

डोंगरातून जाणाऱ्या मालावर लहानशी रक्कम घेण्याचा भिल्लांचा जुना दावा होता. तिला भिलकवडी म्हणत. अहिल्याबाईंनी हा हक्क मान्य केला. शिवाय पडीक जमीन कसण्यासाठी त्यांना दिली. त्या बदल्यात प्रत्येक नायकाच्या हद्दीत येणाऱ्या रस्त्याची राखण त्याने करायची आणि तेथे चोरी झाल्यास गेलेल्या मालाची भरपाई त्यानेच करून द्यायची, असे ठरले.

या योजनेत तीन गोष्टी एकत्र आल्या. ज्यांना रस्ता तळहातासारखा माहीत होता, त्यांच्याकडेच त्याचे रक्षण गेले. लुटीतून मिळणाऱ्या बेभरवशाच्या कमाईऐवजी त्यांना नियमित आणि राजमान्य उत्पन्न मिळाले. आणि हे उत्पन्न वाहतूक वाढली तरच वाढणार असल्याने रस्ता सुरक्षित राहणे हा त्यांचा स्वतःचा स्वार्थ बनला. बाहेरून आणलेले शिपाई पगार थांबताच निघून गेले असते; डोंगरातील माणसे कोठे जाणार नव्हती.

गोमंतकीय वाचकाला यातील विचार अनोळखी वाटू नये. गावची जमीन, बांध आणि पाण्याचे मार्ग गावकऱ्यांनीच सांभाळायचे आणि त्यातून येणारे उत्पन्नही गावानेच वाटून घ्यायचे, ही गावकरीची पद्धत पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून गोव्यात रुजलेली होती. पोर्तुगिजांनाही ती मोडून काढता आली नाही. १५२६ च्या फोराल या दस्तऐवजात तिचे नियम त्यांना नोंदवून घ्यावे लागले. खाजन शेतीचे बांध पिढ्यान्पिढ्या टिकले, कारण बांध फुटला तर ज्याचे शेत बुडणार, तोच तो राखत होता. भिलकवडीमागील तर्क हाच आहे.

गावाचा पैसा गावात

महसुलाच्या बाबतीतही अहिल्याबाईंचे धोरण सौम्य होते. सारा बेताचा ठेवायचा, पाटील, जमीनदार आणि वतनदार यांचे परंपरागत हक्क जपायचे, भांडणे शक्यतो पंचायतीकडे सोपवायची आणि पंचांनी केलेला निवाडा उगाच फिरवायचा नाही, अशी त्यांची रीत होती. जो प्रश्न गाव सोडवू शकते, तो सरकारने आपल्याकडे ओढून घेऊ नये, ही समज त्यात दिसते.

विधवांच्या संपत्तीबाबतचे त्यांचे निर्णय त्या काळात असाधारण होते. सावकार निपुत्रिक मेला की त्याची संपत्ती सरकारजमा करणे किंवा दत्तकाच्या मंजुरीसाठी भरमसाट नजराणा घेणे, हा अनेक दरबारांचा शिरस्ता होता. अहिल्याबाईंनी तो नाकारला. इंदूरमधील एका धनाढ्य सावकाराच्या मृत्यूनंतर तुकोजींच्या तळावरील लोकांनी त्याच्या संपत्तीवर डोळा ठेवला. सावकाराची विधवा दाद मागण्यास महेश्वरला गेली. अहिल्याबाईंनी मानाची वस्त्रे देऊन तिचा हक्क मान्य केला आणि तुकोजींना इंदूरपासून तळ हलवण्यास फर्मावले. सेनापतीचा रोष पत्करून एका व्यापाऱ्याच्या विधवेला न्याय देणारी राज्यकर्ती माळव्याने पूर्वी पाहिली नव्हती. इंदूरच्या भरभराटीचे एक कारण या विश्वासात आहे. आपला पैसा येथे सुरक्षित आहे, अशी खात्री पटल्यावरच सावकार आणि व्यापारी एखाद्या गावात पेढी मांडतात.

खरगोणची हकीकत याहून बोलकी आहे. तेथील दोन सावकार बंधू निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवांनी आपली संपत्ती अहिल्याबाईंच्या चरणी अर्पण करण्याची इच्छा दर्शवली. त्यांनी ती स्वीकारली नाही. ती आपल्याच गावात लोकांच्या उपयोगी पडेल अशा कामाला लावावी, असा सल्ला त्यांनी दिला. त्या पैशातून खरगोण येथे कुंदा नदीवर घाट आणि गणपतीचे मंदिर उभे राहिले. खजिन्यात सहज जमा झाली असती अशी रक्कम गावात राहिली आणि तिचा उपभोगही गावाने घेतला.

महेश्वरचे माग

राजधानी महेश्वरला आली, तेव्हा तेथे नदी होती, जुना किल्ला होता आणि तीर्थाचे माहात्म्य होते. मोठी बाजारपेठ नव्हती. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर बोलावून तेथे वसवले. सुरत आणि बऱ्हाणपूर यांसारख्या वस्त्रव्यवसायाच्या पेठांतून हे कारागीर आले, असे सांगितले जाते. त्यांना राहण्यास जागा मिळाली आणि दरबार हे त्यांचे पहिले गिऱ्हाईक झाले. पाहुण्यांना आणि सरदारांना देण्याच्या मानवस्त्रांसाठी महेश्वरी साड्या आणि पागोट्यांचे कापड विणले जाऊ लागले.

या कापडाने महेश्वरचे रूप आपल्या अंगावर घेतले. किल्ल्याच्या आणि घाटांच्या दगडांवर कोरलेल्या नक्षीवरून साडीच्या काठांचे नमुने आले. वीट, चटई, हिरा, चमेलीचे फूल अशी त्यांची नावे आजही विणकरांच्या तोंडी आहेत. नर्मदेच्या लाटांवरून लहर नावाचा काठ आला. दोन्ही बाजूंनी नेसता येणारी साडी आणि पट्ट्यांचा पदर ही महेश्वरीची ओळख बनली. प्रारंभी या साड्या निव्वळ सुती होत. रेशमी ताणा आणि सुती बाणा ही आजची जोडणी नंतरची आहे.

दानाने गरिबाचा एक दिवस निघतो, धंद्याने त्याच्या मुलांचाही निघतो. अहिल्याबाई दोन्ही करत होत्या. अन्नछत्रात ज्याला जेवण लागते, त्याच्यासाठी अन्नछत्र. ज्याच्या हातात कसब आहे, त्याच्यासाठी माग. नगर टिकवायचे तर तेथे माणसांना करण्यासारखे काम हवे, हे त्यांनी ओळखले होते.

उज्जैन : आपल्या हद्दीबाहेरची सेवा

या दृष्टीने उज्जैनकडे पाहिले म्हणजे अहिल्याबाईंच्या कार्याचा वेगळा पैलू समोर येतो. उज्जैन शिंद्यांचे होते. तेथील महसुलाचा एक पैसाही होळकरांकडे येत नव्हता. तरीही क्षिप्राकाठचे घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अनेक मंदिरे यांच्याशी अहिल्याबाईंचे नाव जोडलेले आहे. चिंतामण गणेशाच्या मंदिराचा जीर्णोद्धारही त्यांच्या नावावर सांगितला जातो. सिंहस्थासाठी येणारा यात्रेकरू कोणत्या सरदाराच्या मुलखातून आला, हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण होता.

उज्जैनच्या या पुनरुत्थानात त्यांच्या आधी एका सारस्वताने पाया घातला होता आणि त्याचा धागा थेट गोव्याशी जुळतो. १२३४-३५ च्या सुमारास दिल्लीचा सुलतान अल्तमश याच्या स्वारीत महाकालाचे प्राचीन मंदिर उद्ध्वस्त झाले. त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी, १७३० च्या दशकात, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी, म्हणजे रामचंद्र मल्हार सुखटणकर, यांनी ते पुन्हा उभारले. रामचंद्रबाबा मंगेशाचे निस्सीम भक्त होते. १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी हे गाव देवस्थानाला इनाम दिले, ते त्यांच्याच सूचनेवरून. एका टोकाला क्षिप्रेकाठचा महाकाल आणि दुसऱ्या टोकाला अंत्रूज महालातील मंगेश, यांच्यामध्ये हा एकच कर्तबगार माणूस उभा आहे.

देवस्थानाला रोख रकमेऐवजी गाव जोडून देण्यामागील विचार अहिल्याबाईंच्या व्यवस्थेतही दिसतो. आश्रयदाता आज आहे, उद्या नसेल. त्याच्या पश्चात दिवा लावायचा कोणी, तेलाचे पैसे कोठून आणायचे, याचे उत्तर दानाच्या दिवशीच देऊन ठेवायचे. जेथे आपली सत्ता नाही, जेथे आपला हुकूम चालत नाही, अशा ठिकाणी तर याला पर्यायच नव्हता. उज्जैन, काशी, गया, रामेश्वर ही सारी क्षेत्रे होळकरांच्या अमलाबाहेर होती. तेथील काम चालायचे, तर ते स्थानिक माणसांनी आपले मानूनच चालायचे होते.

दुःखाची आणि मर्यादांची बाजू

या साऱ्या काळात अहिल्याबाईंचे घर मात्र रिकामे होत गेले. पती आणि पुत्र आधीच गेले होते. कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. मुक्ताबाईंचा तरुण मुलगा आजाराने गेला. १७९१ मध्ये यशवंतरावही वारले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरवले. आईने विनवणी केली, आपण आता एकट्या उरू असे सांगितले. मुलगी ऐकली नाही. ज्या सासऱ्याच्या विनवणीमुळे अहिल्याबाई स्वतः चितेपासून मागे फिरल्या होत्या, त्या सासऱ्याइतके यश त्यांना लेकीच्या बाबतीत आले नाही. नर्मदेच्या काठी मुलीची चिता पाहावी लागलेल्या या राणीने आपल्या राज्यात सतीची प्रथा हुकमाने बंद केली नव्हती, हेही नमूद करायला हवे. त्या आपल्या काळाच्या पुढे होत्या, पण पूर्णपणे काळाबाहेर नव्हत्या.

त्यांची राजवट सर्वस्वी शांततेचीही नव्हती. रामपुऱ्याच्या चंद्रावत राजपुतांनी बंड केले, तेव्हा त्यांनी ते शस्त्रबळाने मोडले. सैन्य वाढवण्यापेक्षा धर्मकृत्यांवर त्या अधिक खर्च करतात, अशी टीका समकालीन राजकारण्यांनी केली. तुकोजींच्या पैशाच्या मागण्या आणि खासगी राखण्याचा अहिल्याबाईंचा निर्धार यांतील ओढाताण शेवटपर्यंत चालू राहिली. या टीकेत तथ्य किती, हे ठरवताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. त्यांच्या अठ्ठावीस वर्षांच्या कारकिर्दीत होळकरांच्या मुलखाने जी स्वस्थता अनुभवली, ती नंतरच्या काळात कोणत्याही फौजेला देता आली नाही.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी अहिल्याबाईंचे निधन झाले. दोन वर्षांनी तुकोजीही गेले आणि वारसांचा कलह पेटला. १८०१ च्या जुलैमध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. ज्या क्षिप्राकाठी १७६७ मध्ये युद्ध टळले होते, तेथेच चौतीस वर्षांनी प्रेतांचा खच पडला आणि उज्जैन लुटले गेले. त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटून सूड उगवला. पुढे पेंढाऱ्यांच्या धुमाकुळाने सारा माळवा उजाड झाला. १८१८ नंतर इंग्रजांचा अधिकारी म्हणून माळव्यात कारभार पाहणाऱ्या सर जॉन माल्कम यांनी जुन्या लोकांकडून अहिल्याबाईंच्या हकीकती गोळा केल्या. प्रतिपक्षाच्या लोकांनीही त्यांच्याबद्दल आदरच व्यक्त केला, असे त्यांच्या १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरून दिसते.

काय उरले

खजिना संपला. राज्य १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले. खासगीच्या धर्मादाय मालमत्तांसाठी १९६२ मध्ये न्यास स्थापन झाला. त्या मालमत्तांचे व्यवहार आणि त्यांवरील अधिकार यांचा वाद अलीकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. वारसा सांभाळणाऱ्यांवर लोकांची नजर नसेल, तर उत्तम हेतूने बांधलेली व्यवस्थाही ढासळू शकते, याची ही आठवण आहे. भिलकवडीचा समझोताही पुढच्या सत्तांनी आपल्या सोयीनुसार बदलला.

महेश्वरचे माग मात्र वाजत राहिले. गिरणीच्या कापडाने आणि राजाश्रय संपल्याने विसाव्या शतकात ते बंद पडण्याच्या बेतात आले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील वंशजांच्या पुढाकाराने तेथे रेहवा सोसायटी उभी राहिली. जुन्या किल्ल्याच्या परिसरात स्त्रियांना विणकाम शिकवण्यात आले, त्यांना माग देण्यात आले आणि मिळणारा पैसा विणकर कुटुंबांचे वेतन, आरोग्य व मुलांचे शिक्षण यांकडे वळवण्यात आला. त्यानंतर अनेक विणकरांनी स्वतःचे माग टाकले. महेश्वरी वस्त्राला भौगोलिक मानांकन मिळाले. कुणबी साडीचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या गोव्याला महेश्वरचा हा अनुभव उपयोगी पडावा. साडी संग्रहालयात ठेवल्याने जपली जात नाही; ती विणणाऱ्याला त्यातून घर चालवता आले, तरच ती टिकते.

अहिल्याबाईंची पूजा आज सर्वत्र होते. विमानतळ, विद्यापीठ, जिल्हा यांना त्यांचे नाव मिळाले. त्यांच्या कारभाराचा अभ्यास मात्र त्या मानाने कमी होतो. रस्त्याची राखण रस्त्याकाठच्या माणसाकडे सोपवणारी, गावाचा पैसा गावातच खर्च करायला सांगणारी आणि अन्नछत्राबरोबर मागही उभा करणारी ही राणी आपल्या उत्पन्नाचा हिशेब राज्याच्या हिशेबात मिसळू देत नव्हती. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकाने, मग तो पंचायतीचा सदस्य असो, देवस्थानच्या समितीवर असो की एखाद्या संस्थेचा चालक, त्यांच्या चरित्रातील एवढी एक गोष्ट जरी उचलली, तरी ते त्यांचे खरे स्मारक ठरेल.